पाठमोरी मेंढी

१

ही गोष्ट कोणालाही पटत नाही आणि तुम्हालाही पटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मधेच कोणाच्या भुवया वर गेल्या तर मला चिडायला नको.

कुलूपबंद दालनातून एक मेंढी चोरीला गेली. दार शाबूत, कुलूप शाबूत, खिडकीचे गज शाबूत. त्यात काय मोठंसं, म्हणाल. पण ही मेंढी तैलचित्रातली होती. चित्र जागेवर, चौकट जागेवर. चित्रातली गाय, तिचं वासरू, कुंपणावरचा कोंबडा, सगळे आपापल्या जागी. मेंढी तेवढी नाही.

आणि तिचा छडा लावला मी. एकट्याने.

"एकट्याने," बाजूच्या खुर्चीतून आवाज आला. आमच्या घरच्या मालकीणबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या.

"सुरुवात तरी होऊ दे," मी म्हणालो.

तर तेव्हा मी गुरांचा डॉक्टर होतो. त्या दिवशी सकाळी एका बैलाच्या खुरात रुतलेला खडा काढला. बैलाला इतकं बरं वाटलं की आभार मानायला त्याने माझं तोंड चाटलं. एका चाटण्यात चष्मा खाली, आणि त्यावर त्याचा तोच नुकता बरा झालेला पाय. काचेचं पीठ झालं, पीठ! आणि चष्म्याशिवाय माझं कसं, तर लांबचं धुरकट आणि जवळचं त्याहून धुरकट. म्हैस आणि तिचा मालक शेजारी उभे असले तर कोणाची चौकशी करायची आणि कोणाचं पोट तपासायचं, हे आवाजावरून ठरवावं लागे.

कसाबसा दवाखान्यात येऊन टेकतोय तोच पोलीस ठाण्यातून फोन.

"डॉक्टर, मेंढी हरवल्याची तक्रार आहे. बाईंना तुमच्याकडे धाडलंय."

"हरवली असेल तर काम तुमचं. आजारी असती तर माझं."

"अहो, चित्रातली मेंढी हरवलीय."

"मग चित्रकाराकडे धाडा."

"तो वारला."

"मग मी काय करू?"

"ते तुम्ही बघा. जनावरांचं खातं तुमचं," असं म्हणून हवालदाराने फोन ठेवला. आपल्या डोक्याचा ताप दुसऱ्याच्या डोक्यावर कसा ठेवावा, हे त्या खात्याकडून शिकावं.

फोन ठेवला तर तक्रारदार बाई दारात उभ्या. तरुण, एकेरी बांध्याच्या, आणि हुंदक्यांनी बोलता येईना अशी अवस्था.

वाटाण्याच्या पातेल्यात काहीतरी जोरात आपटलं.

"शेंग होती," मालकीणबाई म्हणाल्या. "सांगा तुम्ही. हुंदक्यांपर्यंत आला होतात."

ती मुलगी त्या मेलेल्या चित्रकाराची पुतणी. चित्रकाराच्या घराचं पुढचं दालन लोकांना चित्रं बघायला खुलं होतं. मागच्या दोन खोल्यांत ही पुतणी आणि तिची विधवा काकू राहत. झाडलोट, किल्ल्या, आल्यागेल्याला चित्रं दाखवणं, सगळं पुतणीकडे. पण मालकी एका मंडळाची. मंडळाची बैठक त्याच दुपारी, त्याच दालनात.

"अध्यक्षांना सकाळी फोन करून सांगितलं," ती म्हणाली. "ते म्हणाले, बैठकीपर्यंत मेंढी सापडली नाही तर किल्ल्या ठेवायच्या आणि दोघींनी घर सोडायचं. डॉक्टर, काकू त्या घराबाहेर कुठे जाणार? तिने सबंध संसार केलाय तिथे."

"एका मेंढीसाठी घर सोडायचं?"

"लोक त्या मेंढीसाठीच येतात. गाय बघायला कोण येतं?"

इतकी वर्षं गाईंची सेवा केलेल्या माणसाला हे वाक्य लागलं. मी उठलो.

२

चित्र दारापेक्षा मोठं होतं. नाव ‘परतीची वेळ’. गोठ्याचं दार, मावळतीचा उजेड, दारात तपकिरी गाय. तिच्या पोटाशी वासरू. कुंपणावर कोंबडा. आणि उजवीकडे, गाईच्या मागच्या पायाशी, पांढरी मेंढी आमच्याकडे पाठ करून अंधाराकडे बघत उभी असायची. असायची म्हणजे कालपर्यंत. चित्राची छापील तसबीर दालनाच्या दारावरच टांगलेली होती, तिच्यात ती ठळक होती.

आता मेंढीच्या जागी होता गाईचा मागचा पाय.

मी आयुष्यात तुटलेले पाय पाहिले, मुरगळलेले पाहिले, जन्मतः वाकडे पाहिले. असा पाय पाहिला नाही. गाईचा मागचा सांधा मागे जातो. हिचा पुढे वाकला होता, माणसाच्या गुडघ्यासारखा. अशी गाय उभी राहू शकत नाही. तिला बसायला खुर्ची द्यावी लागेल.

"हा पाय आधी दिसत नव्हता?" मी विचारलं.

"कधीच नाही. मेंढीच्या आड होता. मीसुद्धा आज पहिल्यांदाच बघतेय."

कॅनव्हास कुठे फाटलेला नाही, खरवडलेला नाही. मग मी खाली वाकलो, आणि माझ्या घारीसारख्या नजरेला दोन गोष्टी दिसल्या. चौकटीच्या खालच्या खाचेत केसाएवढी बारीक पांढरी रेघ वाळून बसली होती, वासराच्या हनुवटीवरून दूध ओघळावं तशी. आणि चित्राखालच्या तिवईवर फुलदाणी होती. फुलांनी माना टाकलेल्या. मी बोट घातलं. आत थेंब नाही.

मालकीणबाईंनी सोलणं थांबवलं. नुसतं माझ्याकडे बघितलं.

"काय?"

"काही नाही. घारीसारखी नजर. चालू द्या."

"पाणी कोण घालतं यात?" मी पुतणीला विचारलं.

"काकू. रोज सकाळी. काल सकाळीही तिने काठोकाठ भरली होती."

"काल दालन बंद कोणी केलं?"

"मी. अंधारून आलं होतं. दिवा न लावताच दार ओढलं. रोजचं चित्र कोण बघत बसतं?" तिने ओठ चावला. "त्याआधी संध्याकाळी तिघं इथे येऊन गेले होते. अध्यक्ष, काकांचे शिष्य आणि काकू. पण एकेकटे."

मी तिला पलंगावरची चादर आणायला सांगितली आणि सबंध चित्र झाकून टाकलं.

"हा पाय तुझ्याशिवाय कोणी बघितलाय आज?"

"कोणी नाही. काकूलाही नुसतं मेंढी गेली एवढंच सांगितलंय. ती खोलीबाहेर आलेली नाही."

"उत्तम. पायाबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

वळलो तर दारामागे एक उंच, सडसडीत गृहस्थ. काळा कोट, हालचाल नाही. आमचं बोलणं त्याने सगळं ऐकलं असणार.

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?" मी दरडावून विचारलं.

तो काहीच बोलला नाही.

३

गप्प माणसाचा मला फार संशय येतो. पण त्याच्याकडे वळायच्या आत अध्यक्ष आले.

या अध्यक्षांना सगळेजण मागून ‘भावार्थ’ म्हणायचे. समोर दगड ठेवला तरी त्यातून ते भावार्थ काढत. या एका चित्रावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता आणि त्यातला निम्मा मेंढीवर होता. आल्या आल्या त्यांनी चादरीकडे बघून डोळे मिटले.

"शोकाकुल," ते म्हणाले. "चादरसुद्धा शोकाकुल आहे."

"साहेब, काल संध्याकाळी तुम्ही इथे किती वेळ होतात?"

"संध्याकाळ! अगदी मर्मावर बोट ठेवलंत, डॉक्टर. या चित्रातली संध्याकाळ ही संध्याकाळ नाहीच."

"मी कालची विचारतोय."

"कालची काय, उद्याची काय! गाय बघा. नजर खाली. केवढी उदासी! जणू आयुष्य तिच्या हातून निसटून चाललंय."

आता हे कोणाला सांगायचं? दारावरच्या तसबिरीत मी गाय बघितली होती. कान बाजूला सैल, मान उतरती, जबडा एका अंगाला. गाय पोटभर चरून रवंथ करत होती. त्या क्षणी अख्ख्या पृथ्वीवर तिच्याइतकं सुखी कोणी नसेल. सुतावरून स्वर्ग गाठणारे पाहिले होते, हे गृहस्थ रवंथावरून वैराग्य गाठत होते.

"मेंढी कोणाला नकोशी झाली असेल?" मी दात खाऊन विचारलं.

"मेंढी म्हणजे कोण, हे कळलं की ते आपोआप कळेल." त्यांनी आवाज खाली आणला. "सगळी जनावरं एकत्र, ऊबेत. एकटी मेंढी पाठ फिरवून उभी. कलावंताच्या घरात त्याच्या कलेकडे पाठ फिरवून कोण उभं होतं? आतल्या खोलीत आहेत त्या. मी ग्रंथात नाव घेतलेलं नाही. पण सुज्ञांना कळतं."

"आणि तरी घर सोडायला पुतणीला सांगता?"

"किल्ल्या तिच्याकडे होत्या. जबाबदारी जबाबदारीच." त्यांना घाम फुटला होता. खिसे चाचपले, काही सापडलं नाही, शेवटी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. "मेंढीच्या कानावर एक काळा बिंदू होता, डॉक्टर. डोळ्यापर्यंत पोचू न शकलेला अश्रू! त्यावर माझं अख्खं प्रकरण आहे. आता काय उरलं? लोक येऊन काय बघणार? ती लंगडी गाय?"

मी मान डोलावली. मग मान डोलायची मधेच थांबली.

४

काकांचा शिष्य यायच्या आधी त्याचा वास आला. टर्पेंटाइनचा. कपड्यांना, केसांना, पिशवीला. मनातल्या मनात मी त्याचं नाव टर्पेंटाइनच ठेवलं.

"बरं झालं गेली," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "ती मेंढी गुरुजींची नव्हतीच."

"नव्हती म्हणजे?"

"हात वेगळा होता. गुरुजींचा फटकारा असा, लांब. ती मेंढी बारीक बारीक टिपक्यांनी भरलेली. मी कित्येकदा विचारलं. ते नुसते हसायचे. आणि या एका चित्राला त्यांनी वार्निश कधी लावू दिलं नाही. मी ब्रश घेऊन गेलो की म्हणायचे, थांब रे, अजून पुरं झालेलं नाही. मरेपर्यंत पुरं झालं नाही."

"मग काल तूच ती उडवलीस?"

"मी?" त्याने पिशवीतली बाटली काढून माझ्या नाकाखाली धरली. डोळ्यांना पाणी आलं. "तेलरंग काढायचा तर हे लागतं. मी हे वापरलं असतं तर तुम्हाला आत शिरताच ठसका लागला असता. लागला?"

नव्हता लागला. दालनात वास होता तो त्याच्याबरोबर आलेला.

"मग काल कशाला आला होतास?"

"दिवा नीट बसवायला. बाहेर पडताना भावार्थ भेटले. त्यांनी अश्रू सुरू केला. मला राहवेना. म्हटलं, साहेब, तो अश्रू नाही, माशी बसून गेलीय. ओलं फडकं लावा, निघून जाईल. असे लाल झाले! म्हणाले, तुला भाव कळत नाही. मी म्हटलं, मला माशी कळते." तो जरा शांत झाला आणि चादरीकडे बघू लागला. "खरं सांगू का डॉक्टर, या चित्राचा भाव मेंढीत नाहीच. कोंबड्यात आहे. तो कोंबडा म्हणजे आशा."

"कोंबडा म्हणजे कोंबडा!" मी ओरडलो. "मी विचारतो मेंढी कुठे गेली, आणि जो तो मला सांगतो मेंढी म्हणजे काय! पोट फुगलेल्या म्हशीपाशी उभं राहून कोणी विचारतं का, या फुगण्याचा भाव काय म्हणून? अरे, नळी घालायची आणि हवा काढायची!"

दारामागच्या काळ्या कोटावाल्याकडे मी आधारासाठी बघितलं. तो गप्पच. निदान त्याला तरी भाव सुचत नव्हता.

बैठकीची वेळ होत आली होती. पुतणी किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभी होती, आणि एक साक्ष राहिली होती.

५

काकू खिडकीशी बसल्या होत्या. शाळेत लहान मुलांना चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. बोटं अजून रंगाच्या डब्या उघडायच्या सवयीची, एकसारखी काहीतरी चाळवत.

"तुम्ही पण सांगणार का मला, मेंढी कोण होती ते?" त्यांनी विचारलं.

"काकू, मला फक्त ती कुठे गेली ते हवंय."

त्या पहिल्यांदा हसल्या. "येणारा प्रत्येक माणूस आधी मेंढीकडे बघतो आणि मग माझ्याकडे. एकदा एक बाई माझा हात धरून म्हणाली, तुम्ही त्यांना थोडं प्रेम दिलं असतं तर! मी तिला चहा दिला. काय करणार?"

"म्हणून काल पुसलीत?"

"पुसायची असती तर तो ग्रंथ आला त्या दिवशीच पुसली असती. काल मी फक्त चित्रासमोर बसले होते, तेव्हा मेंढी होती. बसते रोज." बोटं थांबली. "कोणी फार घासलं का हो? खालचा रंग तर गेला नाही ना पाण्याने?"

"पाण्याने?" मी म्हणालो. "तेलरंगाला पाणी काय करणार, काकू?"

त्यांनी तोंड घट्ट मिटलं. दाराशी पुतणी उभी होती. तिने काकूकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा पार उतरला.

तेवढ्यात दालनातून घंटी वाजली. बैठक सुरू झाली होती.

६

मंडळाची मंडळी अर्धवर्तुळात बसलेली. मधे भावार्थ. त्यांनी घसा साफ केला आणि हात पुढे केला.

"किल्ल्या ठेव, पोरी. आणि काकूंचं सामान आवरायला घे. मला फार जड जातंय हे. पण अशा वेळी मेंढी पाठ फिरवते तशी मलाही पाठ..."

"थांबा," मी म्हणालो. किल्ल्या मी मधल्यामधे घेतल्या. "चोरी कशी झाली ते आधी ऐका. चोराने काही बरोबर आणलं नव्हतं. फुलदाणीतलं पाणी घेतलं. म्हणजे ठरवून आलेला नाही. मेंढी विरघळली, पांढरा ओघळ चौकटीत सुकला. म्हणजे बाकीचं चित्र तेलरंगात असलं तरी मेंढी पाण्याच्या रंगात होती. वार्निश असतं तर पाणी आत शिरलं नसतं. ते नव्हतं."

टर्पेंटाइन ताडकन उभा राहिला. "पाण्याच्या रंगात? म्हणूनच तो हात वेगळा!"

"बस खाली. तुझ्या डोक्यात पाणी आलंच नसतं, तू बाटली काढली असतीस. काल तू पाण्याचा सल्ला दिलास तो एका माशीसाठी. मेंढी जाईल असं तुलाही वाटलं नव्हतं. आता काकू. मेंढी पाण्याची आहे हे त्यांना माहीत होतं. मग तिच्याखाली काय आहे, तेही माहीत असणार. आणि ज्याला ते माहीत आहे तो मेंढीला जिवापाड जपेल, पुसणार नाही."

"खाली आहे तरी काय?" कोणीतरी विचारलं.

"सकाळपासून चित्रावर चादर आहे. खालचं चित्र पुतणीने बघितलं आणि मी. काकू सोडल्या तर बाकी कोणालाही ठाऊक असायचं कारण नाही. तरीही मेंढी गेल्यावर काय उरलं, असं म्हणताना एक गृहस्थ मला म्हणाले, लंगडी गाय. साहेब, मेंढी असताना त्या गाईचा मागचा पाय दिसतच नव्हता. तुमच्या ग्रंथात ती उदास आहे, विरक्त आहे, लंगडी कुठेच नाही. ती लंगडी आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

मी चादर ओढली.

सगळे पुढे वाकले. मग मंडळातले एक म्हातारे हळूच म्हणाले, "अरेच्चा! गाईला गुडघा आहे."

भावार्थांनी कपाळ पुसायला खिशात हात घातला. खिसा रिकामा.

"आणि तुमचा रुमाल कुठे आहे, साहेब?"

ते खाली बसले, म्हणजे बसलेलेच होते, आणखी खाली गेले.

"मला फक्त सिद्ध करायचं होतं," ते पुटपुटले. "तो बिंदू रंगवलेला आहे, माशीचा नाही, एवढंच. फुलदाणीत रुमाल बुडवला आणि नुसता टेकवला. बिंदू रुमालावर आला. बिंदूबरोबर कान आला. एका कानाची मेंढी कशी दिसते, तुम्ही बघितलीय? म्हणून दुसरा जरा कमी केला. मग डोकं मोठं दिसायला लागलं. ते बेताचं केलं तर पाठ..."

मिशा सारख्या करताना माणसाचं होतं तेच. एकदा डावी जास्त, एकदा उजवी जास्त, शेवटी ओठ मोकळा.

"आणि हे तुम्ही माझ्यावर ढकललंत?" पुतणी म्हणाली. आवाज मोठा नव्हता.

त्यांनी रिकामा खिसा पुन्हा चाचपला. पुढचं काकू बोलल्या. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलंच नव्हतं. बघत होत्या त्या पायाकडे.

"ती मेंढी मी काढली," त्या म्हणाल्या. "शाळेच्या रंगांनी. यांना गाय यायची, पण मागचा पाय यायचा नाही. काढायचे, खरवडायचे, पुन्हा काढायचे. चित्र दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाला जायचं होतं. जेवायचं सोडलं होतं त्यांनी. दुपारी तिथेच भिंतीला टेकून डोळा लागला. म्हटलं, लोक या पायाला हसतील आणि हा माणूस पुन्हा ब्रश हातात घ्यायचा नाही. मग पायापुढे एक मेंढी उभी केली. पाण्याचे रंग होते, नको वाटली तर पुसता आली असती."

"मग काका काय म्हणाले?" पुतणीने विचारलं.

"काही नाही. उठले, बघत राहिले, आणि म्हणाले, भूक लागलीय." त्या जराशा हसल्या. "पाय जमला की पुसू, असं ठरलं होतं आमचं. नाही जमला."

पाठ फिरवणारी बायको म्हणून लोक इतकी वर्षं जिच्याकडे बोट दाखवत होते, ती मेंढी चित्रकाराची लाज झाकत तिथे उभी होती. आणि नवऱ्याने काढलेला पाय चुकला होता हे सांगायला नको म्हणून काकूंनी तो ग्रंथही मुकाट सोसला.

भावार्थ पुन्हा चित्राकडे वळले. मग त्यांनी चाचरत विचारलं, "पण मग... ती पाठमोरी का?"

"मला मेंढीचं तोंड येत नाही," काकू म्हणाल्या.

किल्ल्या मी पुतणीच्या हातात दिल्या. मंडळाने अध्यक्ष बदलला आणि घर दोघींकडेच राहिलं. त्याच आठवड्यात काकूंनी शाळेचे रंग काढले आणि मेंढी पुन्हा उभी केली, आम्ही सगळे बघत असताना. या खेपेला टर्पेंटाइनने वर वार्निश चढवलं. काळ्या कोटातला तो गृहस्थ शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. निर्दोष माणसाला बोलायची गरज नसते. आणि भावार्थांचं म्हणाल तर त्यांना मी जिन्यात कोणाला तरी सांगताना ऐकलं, की वार्निशची मेंढी ही आधीच्या मेंढीपेक्षा अधिक उदास आहे. मी कपाळाला हात लावला.

तर अशी ती मेंढी मी शोधली. माझे कान आणि माझी नजर, बाकी कोणाची मदत नाही.

पातेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"अहो," मालकीणबाई म्हणाल्या, "सकाळी बैलाने चष्म्याचं पीठ केलं होतं ना?"

"केलं होतं. पीठ."

"लांबचं धुरकट, जवळचं त्याहून धुरकट?"

"हो. म्हणजे, तसं..."

"मग चौकटीच्या खाचेतली केसाएवढी रेघ कोणाला दिसली? फुलदाणीत बोट कोणी घातलं? त्यांच्या खिशात रुमाल नाही, हे तुमच्या कानात कोणी सांगितलं? आणि चादर टाका, पायाबद्दल बोलू नका, हे कोणी सुचवलं? हुंदके देत होते म्हणे मी! हाताला धरून तुम्हाला त्या दालनात नेलं, नाहीतर तुम्ही कोंबडा तपासत बसला असतात." त्यांनी पदरातली सालं झटकली. "आणि ते काळे गृहस्थ बोलले नाहीत, कारण तो माझ्या काकांचा कोट होता. खुंटीवर टांगलेला."